साडूने बसवलेला सायलेन्सर

मी सहकारी संस्थांचा लेखापरीक्षक आहे. कुणी मला चहा पुढे केला, तर मी आधी देणाऱ्याचा चेहरा बघतो आणि मग चहा. संशय घेण्यासाठी सरकार मला पगार देतं. घरी हेच काम मी बिनपगारी करतो, असं आमची सुलक्षणा म्हणते. पण पुढे जे काही घडलं ते माझ्या स्वभावामुळे घडलं, असं कुणी म्हणत असेल तर ते मला अजिबात मान्य नाही. परिस्थितीच अशी होती, की एखाद्या साधुपुरुषाच्या मनातही पाल चुकचुकली असती.

आमच्या जुन्या पांढऱ्या गाडीचा सायलेन्सर गंजून फुटला. आधी बारीक घरघर होती. मग ती वाढत वाढत इतकी गेली, की मी भोरच्या बाजारपेठेत शिरलो की भाजीवाल्या बायका मागे न बघताच टोपल्या आत ओढायच्या. त्यांना वाटायचं ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरमधून इस्त्रीचा शर्ट घातलेला मी उतरायचो. माणसाची तालुक्यात काही पत असते, ती अशी पाइपातून निघून जाताना बघवत नाही.

आमचे शेजारी ज्ञानूकाका हे एस.टी.तून निवृत्त झालेले ड्रायव्हर. जगातल्या सगळ्या गाड्या म्हणजे एस.टी.च्या धाकट्या बहिणी आहेत, असं त्यांचं मत आहे.

"सायलेन्सर कशाला बदलताय?" ते म्हणाले. "आमच्या यष्टीला सायलेन्सर हाय का न्हाई, हे आमाला बी कळत न्हवतं. पाशिंजरला बरं असतंय. गाडी चालू हाय ह्याची खात्री ऱ्हाती."

मी त्यांचं ऐकलं नाही. सुलक्षणाचं ऐकावं लागलं. ती म्हणाली, "घरचा माणूस असताना दुसरीकडे का जायचं?"

घरचा माणूस म्हणजे मानसिंग. सुलक्षणाची धाकटी बहीण नूतन, तिचा हा नवरा. म्हणजे माझा साडू. किकवीला हायवेच्या कडेला त्याचं गॅरेज आहे. मी म्हणालो, "नातेवाइकाकडून काम करून घेतलं की मग तक्रार करता येत नाही."

"म्हणजे तक्रारीची सोय हवी म्हणून परक्याकडे जायचं?"

मला नेमकं तेच म्हणायचं होतं. पण तिने ते असं बोलून दाखवल्यावर फारच हलकं वाटायला लागलं, म्हणून मी गाडीची किल्ली शोधायला लागलो.

शिवाय घाई होती. नूतनची मुलगी वैष्णवी हिचा साखरपुडा रविवारी किकवीला ठरला होता. मुलगा वेल्ह्याकडचा. त्याची आजी फुलाबाई डोंगरातल्या वाडीवर राहते, तिचे गुडघे गेलेले, एस.टी.त बसली की तिला मळमळतं. "आजींना आमच्या गाडीतून आणू," असं सुलक्षणाने परस्पर कबूल करून टाकलं होतं. मानसिंगाला थोरला भाऊ नाही, त्यामुळे मुलीच्या बाजूने बैठकीत बोलायचं कामही माझ्याकडे होतं. मुलीच्या बाजूचा वडीलधारा माणूस ट्रॅक्टरच्या आवाजात येऊन चालणार नव्हतं.

तर आम्ही किकवीला गेलो. मानसिंग गाडीखाली शिरला. मी खुर्ची टाकून समोर बसणार, तोच नूतनने पोह्यांसाठी आत बोलावलं. पोहे झाले, बाहेर आलो, तर तिने चहासाठी पुन्हा आत बोलावलं. तेव्हा मला हा पाहुणचार वाटला. माझ्यासारख्या माणसाने त्याच वेळी सावध व्हायला हवं होतं.

काम झालं. गाडी सुरू केली, तर कानाला गोड वाटावा इतका हलका आवाज. मी म्हणालो, "वा, मानसिंगराव! जुना सायलेन्सर डिकीत टाका."

"कशाला, दाजी? गंजका पत्रा त्यो. ऱ्हाऊ द्या हितंच."

हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं.

कापूरहोळच्या पुढे चढ लागला आणि गाडीचा दम तुटला. मी पाय दाबतोय, इंजिन कण्हतंय, आणि गाडी जागच्या जागी विचार करत असल्यासारखी सरकतेय. आधी एस.टी. पुढे गेली. मग उसाची ट्रॉली गेली. मग शेळीला दावं लावून चालणारे एक आजोबा मागून आले, त्यांनी खिडकीतून आत डोकावून आमची चौकशी केली आणि तेही पुढे गेले. शेळीने मात्र वळून पाहिलं. तेवढ्यात समोर पिवळा दिवा लागला. नळाच्या तोटीसारखं चित्र असलेला.

"हा दिवा मानसिंगरावांनी नवीन बसवला का?" सुलक्षणाने कौतुकाने विचारलं.

भोरमध्ये शिरताना मी पाय काढला आणि मागून "फाट्!" असा आवाज झाला. पुन्हा पाय काढला, पुन्हा फाट्! बाजारपेठेत एका मंगल कार्यालयासमोर बँडवाले नुसतेच उभे होते. त्यांना वाटलं नवरदेव आला. त्यांनी वाजवायला सुरुवात केली. बँडच्या साथीने मी घरी पोहोचलो.

दुसऱ्या दिवशी आमच्या अंगणात वैद्यकीय मंडळ बसलं. ज्ञानूकाकांनी बॉनेट उघडून आत बराच वेळ पाहिलं, जणू तिथून कुणीतरी त्यांना ओळखीचं भेटणार होतं.

"डिझेलात पाणी हाय," ते म्हणाले.

"काका, पेट्रोलची गाडी आहे."

"मग पेट्रोलात पाणी हाय."

समोरच्या सोनारकाकूंनी दृष्ट लागल्याचं निदान केलं आणि लिंबू-मिरची आणून दिली. ती मी समोर बांधली. माझा विश्वास नाही, पण तपासात कुठलीही शक्यता सोडायची नसते. गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या एका विज्ञान शिक्षकांनी इंजिन म्हणजे काय हे अंगणातल्या मातीवर काढून दाखवलं. चित्र सुरेख होतं. त्यातलं इंजिन चालतही असावं.

मग मी भोरमधल्या एका मेकॅनिककडे गेलो. त्याने प्लग बदलले, हवेची जाळी झटकली, कानाजवळ हात नेऊन आवाज ऐकला आणि विचारलं, "सायलेन्सर कुणी बसवला?"

"साडूनं."

"मग बराबर हाय," तो म्हणाला आणि हसला. दुकानात बसलेली गिऱ्हाइकंही हसली. या हसण्याचा अर्थ काय, हे मी त्यांना विचारलं. ते आणखी हसले. तिथून पुढे ज्याने ज्याने गाडीविषयी विचारलं, त्याला मी एवढंच सांगत गेलो, की किकवीला साडूकडे काम केलं आणि तेव्हापासून असं होतंय. यात मी कुणावर आरोप केला नव्हता. मी फक्त घटनाक्रम सांगत होतो. भोरमध्ये घटनाक्रम फार लवकर पसरतो.

आणि मग मोबाईलवर ते वाचलं.

गाडीच्या धुराच्या नळीत मधाच्या पोळ्यासारखी एक जाळी असते. धूर स्वच्छ करायला. आणि त्या जाळीत सोन्याच्या तोडीचे धातू असतात, म्हणून ती चोरीला जाते! मी ते वाचलं आणि अंगावर काटा आला. 'गंजका पत्रा त्यो, ऱ्हाऊ द्या हितंच.' नूतनचे पोहे. मग चहा. सगळे कागद एका फाइलीत लागावेत तसं सगळं जुळलं.

नोकरीत एक शिकलोय, की संशयिताला सरळ विचारायचं नसतं. मी फोन लावला, आधी वैष्णवीच्या साखरपुड्याची तयारी विचारली, मांडववाला ठरला का विचारलं, आणि मग अगदी सहज म्हणालो, "मानसिंगराव, तो जुना सायलेन्सर आहे ना तिथंच?"

"त्यो व्हय? त्यो म्हादूला दिला."

"कोण म्हादू?"

"मेंढरंवाला म्हादू. खाली येतो तवा मेंढरं आपल्या गॅरेजमागच्या रानात बसवतो. वेल्ह्याच्या अंगाला वाडी हाय त्याची, फुलाबाईंच्या वाडीच्या अलीकडं. का वो?"

"काही नाही. सहज."

मेंढपाळाला सायलेन्सर कशाला लागतो? मेंढरांना सायलेन्सर लावतात असं मी तरी ऐकलं नव्हतं. माल तिसऱ्या माणसाकडे सरकवायचा आणि तो माणूस डोंगरात राहणारा निवडायचा, ही पद्धत मी एका दूध संस्थेच्या तपासणीत पाहिली होती.

"दाजी," तिकडून मानसिंगाचा आवाज एकदम मऊ झाला, "गाडी एकदा आणता का हिकडं? बारकं काम राह्यलंय. पाच मिन्टाचं."

"कसलं काम?"

"हे आपलं… बघायचं हुतं जरा."

"बघू," मी म्हणालो आणि फोन ठेवला. पुरावा परत जागेवर ठेवायचा असतो तेव्हा लोक अशाच आवाजात बोलतात. मी गाडी देणार नव्हतो.

त्यानंतर त्याचे रोज फोन येऊ लागले. गाडी पाठवा, मी येऊन नेऊ का, ज्ञानूकाकांच्या हाती दिली तरी चालेल. जितकी तो घाई करी तितका मी सावध होई. आणखी एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. नूतनचा फोन आला, की सुलक्षणा मोबाईल घेऊन परसात जात होती. आधी ती स्वयंपाकघरातच बोलायची, आणि इतक्या मोठ्याने की गल्लीला दोन्ही घरांची खबर मिळायची. आता ती पेरूच्या झाडाखाली उभी राहून कुजबुजायची. मी खिडकीशी गेलो की म्हणायची, "बरं, ठेवते गं." म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलेलं होतं.

त्यातच गाडीच्या धुराच्या तपासणीची मुदत संपत आली होती. सरकारी नोकराने तपासणीवाचून गाडी चालवणं मला पटत नाही, म्हणून मी हायवेला उभ्या असलेल्या तपासणीच्या व्हॅनपाशी गेलो. तिथल्या माणसाने मागच्या नळीत त्याची दांडी घातली आणि म्हणाला, "गाडी चालू ठेवा. सर्व्हर आला की फोटो निघंल."

सर्व्हर काही येईना. मी गाडी चालू ठेवून बसलो. शेवटी तो ओरडला, "आला, आला!" आणि त्याच क्षणी माझं इंजिन धडपडून बंद पडलं. पुन्हा चालू करेपर्यंत सर्व्हर गेला. मग पुन्हा सर्व्हर आला, पुन्हा इंजिन गेलं. जणू त्या दोघांचं काही भांडण होतं आणि दोघांना एका वेळी एका ठिकाणी थांबायचं नव्हतं. एकदा दोघंही हजर झाले, तर मागून फाट् झालं, दांडी उडून रस्त्यावर पडली आणि रांगेतला मोटरसायकलवाला म्हणाला, "सायेब, ह्याच्यापरीस बैल बांधा."

"सायलेन्सर नवीन दिसतोय. कुणी बसवला?" तपासणीवाल्याने विचारलं.

मी घटनाक्रम सांगितला.

या सगळ्यावर कळस झाला तो शुक्रवारी. दुपारी ऑफिसातून घरी आलो, तर अंगणात ज्ञानूकाका काठी घेऊन उभे, आणि माझ्या गाडीखालून दोन पाय बाहेर आलेले. पायात ओळखीच्या चपला.

"धरलाय म्या," काका म्हणाले. "हलू नगंस रं!"

"काका, मी हाय, मानसिंग!" गाडीखालून आवाज आला.

"मानसिंग हाय म्हणतोय," काकांनी मला कळवलं.

मानसिंग बाहेर सरकला. हातात पान्हा, कपाळाला ग्रीस. मला बघून त्याचा चेहरा जो पडला, तो मी अनेक संस्थांच्या सचिवांचा पडलेला पाहिला आहे.

"काय चाललंय, मानसिंगराव?"

"भोरला आल्तो… म्हणलं बघावं."

"माझ्या माघारी?"

त्याने चपला झटकल्या, पान्हा पिशवीत घातला आणि मोटरसायकलवर बसून गेला. सुलक्षणा दारात उभी होती. "त्यांना चहासुद्धा विचारला नाहीत," ती म्हणाली. चोराला चहा विचारायची आपल्यात पद्धत नाही, हे वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. तिच्या बहिणीचा नवरा म्हणून मी ते गिळलं. पण ते खाली गेलं नाही, घशातच राहिलं. रविवारी मला याच माणसाच्या शेजारी बसून, हे घर चांगलं आहे, माणसं सरळ आहेत, असं परक्यांना सांगायचं होतं. मला ते जमेल का, हेच कळेना.

शनिवारी सकाळी सुलक्षणाच म्हणाली, "उद्या आजींना आणायचंय. गाडी चढ चढते का, एकदा जाऊन बघून येऊ."

मला आयतंच निमित्त मिळालं. म्हादूची वाडी त्याच रस्त्यावर होती. मी लगेच तयार झालो. ती इतक्या सहज कशी काय म्हणाली, हा प्रश्न मला तेव्हा पडायला हवा होता.

नसरापूरवरून आत वळलो तोवर बरं चाललं होतं. पुढे डोंगर जवळ आले तशी गाडी कुंथायला लागली. मागून मधूनमधून टिंग टिंग असा बारीक आवाज यायचा आणि मग जोर निघून जायचा. वाडीच्या खालच्या चढाला तर ती पूर्ण बसली. मी हँडब्रेक ओढला, चाकामागे दगड लावला. समोरून मेंढरांचा कळप उतरला आणि गाडीला दोन्ही बाजूंनी वळसा घालून, अंग घासत, सावकाश निघून गेला. मागे खांद्यावर घोंगडी टाकलेला उंच माणूस.

"म्हादू कोण?" मी विचारलं.

"म्याच की."

सुलक्षणा गाडीतच बसते म्हणाली. तिला कुणालातरी फोन करायचा होता. मी म्हादूबरोबर वर गेलो. त्याच्या घरासमोर जांभळीचं झाड होतं आणि त्याच्या फांदीला, तारेने बांधलेला, माझा सायलेन्सर लोंबत होता.

"हे काय आहे?"

"घंटा," म्हादू म्हणाला. "बिबट्या येतो ना, सायेब. डबडं वाजवून त्यो आता भीत न्हाई. मानसिंग म्हणला, ह्यो ने, ह्याचा आवाज लांब जातुय. लई ब्येस माणूस."

त्याची बायको कमळाबाई चहा ठेवायला आत गेली. मी चष्मा पुसला, मोबाईलचा दिवा लावला आणि सायलेन्सरच्या फुटलेल्या बाजूने आत डोकावून पाहू लागलो. गंज होता, पत्र्याचे पडदे होते. जाळी नव्हती. मधाचं पोळं नव्हतं! माझा संशय खरा ठरला होता आणि मला त्याचा आनंद होत होता, हे मी आता लपवत नाही. आणखी नीट दिसावं म्हणून मी कान पत्र्याला टेकवून डोळा आत लावला.

"वाजवून दावू का?" म्हादूने विचारलं, आणि माझ्या उत्तराची वाट न बघता पहार मारली.

त्या आवाजाचं वर्णन मला करता येणार नाही, कारण त्यानंतर काही काळ मला दुसरं काही ऐकूच आलं नाही. बिबट्या का येत नसेल हे मात्र मला आतून कळलं. मी जमिनीवर बसलो होतो. कमळाबाई तोंड हलवत होती, म्हादू तोंड हलवत होता, आणि खाली मोटरसायकल उभी करून मानसिंग चढून वर येत होता. खांद्याला हत्यारांची पिशवी.

कान उघडल्यावर मी आधी उभा राहिलो. बसून आरोप करता येत नाहीत.

"मानसिंगराव, तुम्ही इथं कसे?"

"आलो असाच."

"वेल्ह्याच्या डोंगरात? असेच? बरं. जाळी कुठं आहे?"

"कसली जाळी?"

"मधाच्या पोळ्यासारखी!"

"मधाचं पोळं तिकडं आंब्याला हाय, सायेब," म्हादूने मध्येच सांगितलं.

मग मी सगळं बोललो. मोबाईलवर वाचलेलं, पोहे, चहा, गंजका पत्रा, फोन, गाडीखालचे पाय. लेखापरीक्षणाच्या भाषेत बोललो, त्यामुळे ते जरा जास्तच जहरी झालं. मानसिंग ऐकत राहिला. तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो चिडला नाही. त्याचे डोळे नुसते माझ्यावरून सरकून झाडाकडे गेले.

"मी तुमचा माल चोरला, असं वाटलं तुमाला," तो म्हणाला. "बरं. चला खाली. दावतो."

आम्ही गाडीपाशी उतरलो. सुलक्षणा गाडीतून उतरून लांबच्या दगडावर जाऊन बसली होती आणि मोठ्या एकाग्रतेने डोंगर बघत होती. मानसिंगाने गाडीखाली पोतं अंथरलं, आत सरकला आणि म्हणाला, "या."

"मी?"

"या, दाजी. डोळ्यानं बघा."

मी इस्त्रीच्या शर्टासकट गाडीखाली गेलो. दोन साडू एका पोत्यावर उताणे, नाकाच्या वर गरम लोखंड. त्याने विजेरी मारली. "ही तुमची जाळी. हितं, इंजिनाच्या बुडाशी असती. मागच्या डब्यात नसतीच कधी. हिला म्या हात बी लावला न्हाई. जुना नट बघा, गंज बी तसाच हाय."

मी पाहिलं. गंज खरंच तसाच होता. गंजाला खोटं बोलता येत नाही. तरी सवयीने मी शेवटचा मुद्दा काढला. "मग काल चोरून गाडीखाली का शिरलात?"

त्याने विजेरी विझवली. मग एकदम हळू आवाजात म्हणाला, "झाकण राह्यलंय, दाजी."

"काय?"

"हळू बोला. नवीन सायलेन्सरच्या दोन्ही तोंडांना पत्र्याची झाकणं असत्यात, आत घाण जाऊ नये म्हणून. मागचं काढलं म्या. फुडचं ऱ्हायलं. तसंच बसवलं. दुसऱ्या दिवशी गॅरेज झाडलं तर एकच झाकण घावलं, तवा डोक्यात उजेड पडला. मधी भोक हाय त्याला, म्हणून गाडी चालती तरी. जोर दिला की त्ये आत दबतंय आन् गाडीचा गळा धरतंय."

"मग सरळ सांगायचं नाही का?"

"तुमाला?" तो म्हणाला. "तुमी एकदा चूक लिवून घेतली की ती जलमभर वाचून दावता. लगीन-बारशाला, दिवाळीला. एवढ्या वर्षांत म्या गाड्यांची कामं केली, कुणी नाव ठिवलं न्हाई. आन् नेमकं तुमच्या गाडीत झाकण ऱ्हावं! म्हणलं गुपचूप काढून घेऊ. तुमी गाडीच देईना. आन् आता भोरची गिऱ्हाइकं मला फोन करून हसत्यात. उद्या नवरदेवाकडची माणसं इचारत्याल, पोरीचा बाप काय करतो. काय सांगावं?"

मी वर बघत राहिलो. भोरची गिऱ्हाइकं का हसतात, ते मला माहीत होतं. मी घटनाक्रम सांगत फिरलो होतो. एक मेंढरू मागे राहिलं होतं, ते येऊन माझ्या पायाचा मोजा चावू लागलं. मी त्याला हाकललं नाही.

"निघेल का आता?" शेवटी मी विचारलं.

"नळी गार झाली की."

नळी गार होईपर्यंत आम्ही तसेच पडून राहिलो. बाहेर येऊन बोलायला दोघांनाही संकोच वाटत होता; गाडीखाली बरं होतं. वैष्णवीला मुलगा पसंत आहे ना, हे मी विचारलं. मानसिंग म्हणाला, "पसंत हाय. मलाच करमायचं न्हाई." मग त्याने पट्टी सैल केली, नळी बाजूला सारली आणि आत बोटं घालून ते ओढून काढलं. काळं झालेलं, कडेला वाकलेलं पत्र्याचं झाकण. मध्ये खिळ्याएवढं भोक. एवढ्याशा भोकातून माझी गाडी कितीतरी दिवस श्वास घेत होती. मला तिच्याविषयी आदर वाटला.

त्याने ते माझ्या हातात दिलं. मुद्देमाल दिल्यासारखं. मी ते उलटंपालटं करून पाहिलं आणि पडल्या पडल्याच करवंदीच्या झुडपात भिरकावलं.

बाहेर आलो तेव्हा सुलक्षणा जवळ येऊन उभी होती. "काय होतं?"

नोकरीत मी आजवर एकही खोटा शेरा मारलेला नाही. मी मानसिंगाकडे पाहिलं. तो पान्हा पुसत होता आणि पुसतच राहिला होता.

"कार्बन," मी म्हणालो.

"लई कार्बन हुता," मानसिंग म्हणाला.

"हो का?" सुलक्षणा म्हणाली.

गाडी सुरू केली. पहिल्याच दमात ती तो चढ चढून म्हादूच्या दारात जाऊन उभी राहिली. वर कमळाबाईने चहा दिला. मी चहा आधी प्यायलो.

रविवारी फुलाबाईंना आणलं. गाडी वाडीतून उतरून रस्त्याला लागली तरी त्या मागे बसून विचारत होत्या, "चालू कवा करनार?" किकवीला मांडवात बैठक बसली. मुलाच्या चुलत्यांनी, माणसाचा अंदाज घ्यायला विचारतात तसं, विचारलं, "गॅरेज कसं काय चालतंय पाव्हण्यांचं? भोरकडं जरा येगळं ऐकलं आमी."

मानसिंगाने मान खाली घातली. मी घसा साफ केला.

"मी लेखापरीक्षक आहे," मी म्हणालो. "सहसा कुणाविषयी चांगलं बोलत नाही. पण आजींनाच विचारा, त्या कुणाच्या हातच्या गाडीतून आल्या. हा माणूस आपलं काम पुरं झाल्याशिवाय झोपत नाही. ते पुरं करायला तो डोंगर चढून येतो. मी पाहिलंय."

फुलाबाई म्हणाल्या, "व्हय बाई, प्वाटातलं पानी बी हाललं न्हाई." बैठक हसली. सुपारी फुटली. पेढा भरवताना मानसिंगाचं लक्ष वैष्णवीकडे होतं, आणि त्याने अर्धा पेढा माझ्या मिशीला भरवला.

परतताना कापूरहोळचा चढ आला. गाडी न कुरकुरता चढत होती. उसाची ट्रॉली मागे पडली. मी समाधानाने खिडकीतून हात बाहेर काढला.

"ते झाकण कुठं टाकलंत?" सुलक्षणाने विचारलं.

मी रस्त्याकडे बघत राहिलो. "कसलं झाकण?"

"दोन असतात म्हणे. दुसऱ्या दिवशी गॅरेज झाडताना एकच निघालं, हे नूतनने पाहिलं. दुसरं तुमच्या गाडीत आहे, म्हणून तिने लगेच फोन केला होता. तेव्हापासून आम्ही दोघी वाट बघतोय, तुम्हा दोघांतलं आधी कोण तोंड उघडतंय. शेवटी मीच काल घरून निघताना मानसिंगरावांना डोंगरात बोलावलं, साखरपुडा तोंडावर आला म्हणून." तिने पदर सारखा केला. "आणि ते सोन्याचं पोळं? ते निघालं का हो?"

मी काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेणार होतो. पण गाडी इतकी गुपचूप चालली होती, की ऐकू आलं नाही असं म्हणायचीसुद्धा सोय उरली नव्हती.